किनाऱ्याकिनाऱ्यानं

राइस मिलमधून सुटलो त्या महिन्यात
सायत्रा म्हणाली, कुठं तरी नेऊन आणा एकदा,
जणू कल्हईला द्यायचं पातेलं.

गुलाबची गाडी ठरवली. बारा रुपये किलोमीटर,
जेवण त्याचं त्याच्याकडं, पान आमच्याकडं.
दोन दिवस नागपूर, आणि परतताना समुद्र.
समुद्र मी गमतीनं म्हणालो.
आमच्याकडे समुद्र म्हणजे धरणाचं पाणी,
पवनीपासून वर वर फुगत आलेलं.

सीताबर्डीच्या लॉजवर खोली नंबर दोनशे चार.
खिडकी उघडली तर हातभर अंतरावर
दुसऱ्या लॉजची खिडकी.
तिथल्या बाईनं हिला विचारलं, कुठल्या तुम्ही?
हिनं एक गाव सांगितलं. थांबली.
मग दुसरं सांगितलं.

मेट्रोत तीनदा बसलो, तीनदा तिकिटं काढून.
वरून शहर म्हणजे नुसत्या गच्च्या,
काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या कुरड्या,
चटईवर उलटी ठेवलेली कोणाची तरी चष्मापेटी.
"लोकाईचं सारं वरून दिसते वो," ती म्हणाली,
"खाली तं दारं बंद."

रात्री सावजीचा रस्सा.
डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि ती हसत होती.
एकतीस वर्षं तिनं वाढलं, मी जेवलो.
तिला समोर बसून जेवताना
मी पहिल्यांदा पाहिलं.
भाताचा घास फार लहान घेते ती.

निघताना टॉवेल धुऊन खिडकीत वाळत घातला.
मॅनेजर म्हणाला, ताई, ते आमचं काम आहे.
"पाणी होतं, मून धुतला."
संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले. एक घरी.
दुसरा कोणाला, विचारलं
तर चपलेचा पट्टा नीट करत बसली.

दुपारी गाडी मोठा रस्ता सोडून पाळीवर चढली
आणि डावीकडे ते सुरू झालं.
पाहा, मी म्हणालो, समुद्र.
आणि वाटत होता तसाच.
पलीकडचा काठ नाही, वाऱ्यानं उठलेल्या लाटा,
पाण्यातून वर आलेले झाडांचे काळे शेंडे,
शेंड्यांवर पंख पसरून पाणकावळे.
चार पोरं मोटारसायकली उभ्या करून फोटो काढत होती.
गुलाबनं गाण्याचा आवाज कमी केला.
त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आता डाव्या हाताले घे," सायत्रा म्हणाली.
मावशी, डाव्या हाताले पाणी आहे.
"हाओ. तिथूनच रस्ता होता.
पयले नीळकंठ मेश्रामची चक्की,
मंग शाळा, मंग बोडी,
बोडीखालच्या लाखोरीच्या बांध्या,
मंग आमचं."

गाडी चालत गेली, तिचं बोट फिरत गेलं.
मी त्या गावचा जावई.
गेलो तेव्हा पाय धुऊन पाटावर बसायला गेलो.
चक्की कुठं, बोडी कुठं, मला आज कळलं.
बोडीही बुडाली.
पाण्यात पाणी बुडालं,
ते मोबदल्याच्या यादीत नव्हतं.

काठाला एक ढिवर डोंगा लावत होता. कवडू नाव.
जाळं कुठं बांधता, हिनं विचारलं.
"चिचीच्या शेंड्याले."
कोणत्या?
त्यानं हात लांब केला.
हिनं तो हात मनगटाशी धरला
आणि जरासा उजवीकडे सरकवला.
"तो मोह आहे. चिच इकडं."
तो बराच वेळ पाहत राहिला.
"तरीच," म्हणाला, "मासोळी लागत नाही तिथं."

दुसरा डबा तिनं त्याच्या डोंग्यात ठेवला.
त्यानं नको म्हटलं नाही.

रात्री आमच्या अंगणात गुलाबनं मीटर पाहिला,
तळहातावर बोटानं हिशेब केला.
"किनाऱ्याचा फेरा माह्या हौसेनं मारला, काकाजी.
बावीस किलोमीटर सोडून देतो."

सायत्रा पदराची गाठ सोडत होती.
"काहून सोडतं? पुरे धर.
मी माहेरी जाऊन आली."